खोट कुणाच्या पदरी?

जुनी मोटारगाडी विकत घेणे हा व्यवहार तसा क्षुल्लक. त्यावर निबंध लिहावा असे त्यात काय आहे, असे वाचक विचारतील. परंतु काही वर्षांपूर्वी एका जुन्या गाडीने आमच्या घरात असा एक प्रश्न आणून उभा केला, की ज्याचे उत्तर धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हांला तोंडपाठ होते आणि प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा मात्र ते ओठांवर आले नाही. प्रश्न साधा आहे. विकणाऱ्याने आपल्या वस्तूतील खोट आपण होऊन सांगावी काय? आणि जो स्वतः फसला आहे, त्याने तीच खोट पुढच्या माणसाच्या पदरी घालून मोकळे व्हावे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण सारे चटकन देतो, कारण ते देताना आपण गिऱ्हाइकाच्या जागी उभे असतो. दुसरा प्रश्न आपल्याला विक्रेत्याच्या जागी नेऊन बसवतो, आणि तेथे बसल्यावर मन निराळेच बोलू लागते.

आमचे घर श्रीरामपूरकडचे. वडिलांनी ऐंशी ओलांडली, दुखणे मागे लागले आणि महिन्यातून दोन-तीनदा नगरच्या रुग्णालयात जाणे आले. २०२४ साली नगर अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. पण म्हातारी माणसे अजून ‘नगरला जाऊन येतो’ असेच म्हणतात, आणि आम्हीही येथे तसेच म्हणू. राहुरीवरून जाणारा साठ-सत्तर किलोमीटरचा तो रस्ता एस. टी.ने करणे वडिलांना झेपेना. नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा पतसंस्थेचे थोडे कर्ज आणि घरातील थोडी शिल्लक अशी जुळवाजुळव करून २०२२ च्या जानेवारीत आम्ही जुन्या गाड्यांच्या एका दुकानाची पायरी चढलो. दुकानाचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. उदबत्तीचा वास, पुसून लख्ख केलेल्या गाड्यांची रांग, चहा आणि गोड बोलणे. पांढऱ्या रंगाची एक डिझेल गाडी आम्हांला पसंत पडली. एकाच हातची, डॉक्टरांच्या घरची, असे सांगण्यात आले. क्रमांक एमएच-१० ने सुरू होणारा, म्हणजे सांगलीकडचा. आमच्याकडे नगरचा १६ आणि श्रीरामपूरचा १७. १० हा आकडा दिसताच मनात काही यायला हवे होते, पण आले नाही. आम्ही विचारले, “गाडी चांगली आहे ना?” दुकानदार म्हणाले, “साहेब, गाडी तुमच्यासमोर आहे. बघा की.” आम्ही पाहिली. आम्हांला दिसण्याजोगे जेवढे होते तेवढे सारे चकचकीत होते. दोन लाख ऐंशी हजारांना सौदा झाला. पावतीवर बारीक अक्षरांत एक ओळ होती, की गाडी जशी आहे तशी पाहून आणि पसंत करून घेतली आहे. तिच्याखाली आम्ही सही केली.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात फादरांनी गाडीवर पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद दिला. सौ.ने आरशाला जपमाळ अडकवली. पावसाळा सुरू होताच गाडीने आपले गुण दाखवायला सुरुवात केली. कधी भोंगा आपोआप वाजे, कधी काच वर जाईना. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला गेलो, तेव्हा दाराचे कुलूपच लागेना. दर खेपेस मिस्त्री काहीतरी बदलून देत आणि दोन-चार हजार घेत. असे करता करता पस्तीस हजार गेले. मग डिसेंबरातली ती रात्र आली. रुग्णालयातून वडिलांना घेऊन परतताना विळद घाटाच्या उतारावर गाडीचे पुढचे दिवे एकाएकी गेले. उसाचा हंगाम. समोर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागे मालमोटारींचा उजेड, आणि मधे अंधारात आम्ही. गाडी कडेला घेता आली ही देवाची कृपा. मागच्या आसनावर वडील काही बोलले नाहीत. त्यांच्या हातातील जपमाळेच्या मण्यांचा आवाज तेवढा येत होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या धर्मग्रामातीलच एका जाणत्या मिस्त्रींनी गाडी उघडली. त्यांनी आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. टोकाच्या वीतभर भागावर मातकट डाग होता. आसनाखालचे खिळे-पट्ट्या गंजलेल्या, जादा चाकाच्या खोबणीत वाळलेला बारीक गाळ आणि वायरींच्या जोडांवर हिरवट गंज. मिस्त्री म्हणाले, “दादा, ही गाडी पुरात बुडालेली आहे. आतून सगळं धुऊन पुसून विकलीय.” २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापुरात कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने काय केले, ते आपण सर्वांनी पाहिले होते. त्या पुराच्या पीडितांसाठी आम्हीही दानपेटीत पैसे टाकले होते. त्याच पाण्याचा गाळ आपल्या दारात येऊन उभा आहे, हे मात्र आम्हांला तीन वर्षांनी कळत होते.

आम्ही दुकानात गेलो. दुकानदारांनी शांतपणे पावतीवरील ती ओळ दाखवली आणि म्हणाले, “साहेब, मी तुम्हाला खोटं काय सांगितलं? पुराचं तुम्ही विचारलंच नाही.” घरी येईपर्यंत आमच्या मनात संतापच संताप होता. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे: त्यांच्या वाक्याला आम्हांला लगेच उत्तर सुचले नव्हते. गप्प बसणे म्हणजे खोटे बोलणे काय?

हा प्रश्न आमच्या गाडीहून फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात रोममधील विचारवंत सिसेरो याने कर्तव्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात तो मांडला आहे. रोड्स बेटावर दुष्काळ पडला आहे, धान्य सोन्याच्या भावाने विकले जात आहे. एक सचोटीचा व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन पोहोचतो. मागून धान्याची आणखी जहाजे येत आहेत, हे त्याला ठाऊक आहे. त्याने ते गावकऱ्यांना सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने माल विकावा? सिसेरो दोन तत्त्वज्ञांना समोरासमोर उभे करतो. गुरू डायोजिनीस म्हणतो, कायद्याने सांगायला लावले आहे तेवढे सांगितले की पुरे. न सांगणे वेगळे आणि लपवणे वेगळे. शिष्य अँटिपेटर म्हणतो, सारे सांगितले पाहिजे, कारण माणसे एकमेकांच्या हितासाठी जन्मली आहेत. सिसेरो स्वतः शिष्याच्या बाजूने कौल देतो. आमचे दुकानदार त्या गुरूचे नाव ऐकूनही नसतील. पण त्यांचा युक्तिवाद मात्र अगदी त्याचाच होता.

आपल्या देशाचा कायदाही या प्रश्नापाशी थबकलेला दिसतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७ मध्ये एका घोड्याची उदाहरणे दिली आहेत. घोड्यात दोष आहे हे मालकाला ठाऊक आहे. तो लिलावात घोडा विकतो आणि काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पण घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हटले नाही, तर मी घोडा निर्दोष आहे असे धरून चालतो’, आणि त्यावर मालक गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच आहे. कायदा करणाऱ्यांनी येथे एक फार महत्त्वाची गोष्ट मान्य केली आहे. मौनाचा अर्थ समोर कोण आहे यावर अवलंबून असतो. परक्यासमोरचे मौन चालते, मुलीसमोरचे चालत नाही. मग आपण ख्रिस्ती माणसांनी स्वतःला विचारावयाचे ते एवढेच, की आपल्या समोर उभा असलेला गिऱ्हाईक आपला कोण? प्रभू येशूने शेजारी कोण या प्रश्नाचे उत्तर यरीहोच्या वाटेवरील जखमी माणसाच्या कथेने देऊन ठेवले आहे. तो दाखला मान्य केला, की लिलावातला परका घोडेवाला होऊन उभे राहण्याची सोय आपल्याला उरत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या ‘सुम्मा’ या महाग्रंथात खरेदी-विक्रीतील लबाडीवर एक संपूर्ण प्रकरण खर्ची घातले आहे. चौथ्या शतकातील मिलानचे महागुरू संत अँब्रोज यांनी करारात वस्तूची खोट उघड केली पाहिजे असा आग्रह धरला होता. त्यांचा आधार घेऊन संत थॉमस एक बारीक भेद करतात. खोट उघड दिसणारी असेल, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, आणि किंमत त्या मानाने कमी केली असेल, तर विकणाऱ्याने ती तोंडाने सांगितलीच पाहिजे असे नाही. पण खोट आत लपलेली असेल, आणि तिच्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याच्या जिवाला धोका होणार असेल, तर न सांगता विकणे हे पाप आहे आणि विकणारा भरपाईला बांधलेला आहे. विकताना त्याला स्वतःलाच खोट ठाऊक नसेल तर पाप नाही; परंतु ज्या दिवशी ती त्याला कळेल त्या दिवसापासून भरपाईचे कर्तव्य त्याच्यावर येते.

हे वाचताना आम्हांला आमचे आजोबा आठवले. आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हते. संत थॉमसांचे नाव त्यांनी फार तर धर्मगुरूंच्या प्रवचनात ऐकले असेल. पण लोणीच्या आणि घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात त्यांचा आयुष्यभराचा राबता. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरण्याचे ते दिवस. बैल विकताना आजोबा गिऱ्हाइकाला म्हणत, “दात तू बघ, खोड मी सांगतो.” दातांवरून वय कुणालाही कळते, ते पाहणे घेणाऱ्याचे काम. पण बैल मारका आहे, की औताला जुंपल्यावर मधेच बसतो, हे दावणीला बांधलेल्या बैलाच्या अंगावर लिहिलेले नसते. ते मालकालाच ठाऊक, म्हणून ते मालकानेच सांगायचे. पॅरिसच्या विद्यापीठात जो भेद लॅटिनमध्ये शिकवला गेला, तोच आमच्या गोदाकाठच्या धुळीत चार शब्दांत सांगितला जात होता. सर्वच हेडी असे बोलत होते असे नाही. दारूचा घोट पाजून मरतुकडे जनावर तरतरीत दाखवणारेही त्याच बाजारात होते. पण नियम कोणता आणि नियमभंग कोणता, याविषयी कुणाच्या मनात गोंधळ नव्हता.

मारक्या बैलाची गोष्ट तर निर्गमाच्या पुस्तकातही आहे. एखाद्याच्या बैलाने पहिल्यांदाच कुणाला मारले, तर मालकाला दोष नाही. परंतु बैल मारका आहे हे मालकाला आधीपासून ठाऊक असेल आणि तरी त्याने तो बांधून ठेवला नसेल, तर होणाऱ्या मृत्यूचा दोष मालकावर येतो. कळणे आणि न कळणे यांच्यातील अंतर एवढे मोठे आहे. विळद घाटातील रात्रीपर्यंत आम्ही अजाण होतो. मिस्त्रींनी पट्टा ओढून डाग दाखवला, त्या क्षणापासून आम्ही मारक्या बैलाचे जाणते मालक झालो. आमच्या कथेतील अवघड भाग येथून सुरू होतो.

संपूर्ण वायरिंग बदलायचे तर लाखाच्या वर खर्च, आणि तरीही भरवसा नाही, असे मिस्त्रींनी सांगितले. मग थोडे थांबून, आमच्यावरील मायेपोटीच, ते म्हणाले, “दादा, आत वास मारायचं औषध फवारतो, नवी सीटकव्हरं घालतो. विकून टाका. जशी आली तशी गेली.” या चार शब्दांत केवढे समाधान आहे! आम्ही फसवले नाही, आम्ही फसलो. आम्ही फक्त पुढे सरकवतो. सांगलीच्या मूळ मालकानेही बहुधा असेच म्हटले असेल. मधल्या कुणी तरीही म्हटले असेल. कदाचित आमच्या दुकानदारांनाही ती गाडी अशीच कुणी तरी पदरात घातली असेल. साखळीतील प्रत्येक जण आपल्या मागच्याकडे बोट दाखवतो, आणि गाळ मात्र पुढे पुढे सरकत राहतो.

गाडी पाहायला नेवासे तालुक्यातील एक तरुण आला. नुकताच शिक्षणसेवक म्हणून लागलेला, बरोबर पत्नी. तिचे दिवस भरत आले होते. दवाखाना लांब, म्हणून गाडी हवी होती. दोन लाख चाळीस हजारांना ठरले. त्याने आसनावर हात फिरवत विचारले, “काका, गाडीत काही काम निघणार नाही ना?” आणि आमच्या तोंडून शब्द बाहेर पडले, “गाडी तुमच्यासमोर आहे. बघा की.”

वाचकहो, ते शब्द कुणाचे होते हे आपल्या लक्षात आलेच असेल. आमच्या ते त्या वेळी लक्षातही आले नाही. आम्ही दहा हजारांचा इसार घेतला आणि त्याला चहा दिला. रात्री जेवताना सौ.ने विचारले, “त्या मुलाला घाटातलं सांगितलंत का?” आम्ही नाही म्हणालो. तिने पुढे एक शब्दही काढला नाही. ताट उचलून ती आत गेली. तिने वाद घातला असता तर आमच्यापाशी उत्तरे तयार होती: पतसंस्थेचा हप्ता, वडिलांचे औषध, आपण फसलो तेव्हा कोण आले होते मदतीला, वगैरे. वाद न झाल्यामुळे ती सारी उत्तरे आम्हांला स्वतःलाच द्यावी लागली, आणि स्वतःला दिल्यावर ती पटेनात.

सकाळी आम्ही त्या तरुणाला दूरध्वनी केला, पुराची आणि घाटाची हकीकत सांगितली आणि इसार परत न्यायला बोलावले. त्याने आभार मानले असतील, असे कुणास वाटेल. तसे झाले नाही. तो संतापून म्हणाला, “काल विचारलं तेव्हा का नाही बोललात?” त्याचा संताप रास्त होता. आमच्यापाशी याही वेळी उत्तर नव्हते. करार कायद्यातील तिसऱ्या उदाहरणातील मालक आम्ही होतो. एक रात्रभर का होईना, आमचे मौन हे असत्य बोलणेच होते. पुढच्या शनिवारी पापनिवेदनाच्या वेळी ते कोणत्या आज्ञेखाली सांगावे, असा आम्हांला प्रश्न पडला. चोरी करू नको ही सातवी, की खोटी साक्ष देऊ नको ही आठवी? १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात व्यापारातील लबाडी आणि दुसऱ्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊन किंमत वाढवणे, हे दोन्ही सातव्या आज्ञेच्या भंगात मोजलेले आहे. म्हणजे न सांगितलेल्या खोटीची किंमत खिशात घालणे ही चोरीच आहे. आम्ही दोन्ही आज्ञा सांगितल्या.

काही जण म्हणतील, एका गाडीने काय बिघडते? याचे उत्तर अर्थशास्त्राने दिले आहे, आणि तेही नेमके जुन्या गाड्यांचेच उदाहरण घेऊन. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. २००१ साली त्यांना ज्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, त्यात या निबंधाचे स्थान मोठे आहे. तिकडच्या बोलीत खोटाळ गाडीला ‘लिंबू’ म्हणतात. अकरलॉफ यांचे म्हणणे थोडक्यात असे: चांगली गाडी कोणती आणि लिंबू कोणते हे विकणाऱ्याला कळते, घेणाऱ्याला कळत नाही. म्हणून घेणारा भीतीने मधलाच भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही. तो आपली गाडी बाजारात आणीत नाही. बाजारात लिंबांचे प्रमाण वाढते, भाव आणखी पडतो, आणखी चांगल्या गाड्या निघून जातात. शेवटी प्रामाणिक माणसाला विकताही येत नाही आणि घेताही येत नाही. आपल्याकडे नव्या गाडीला दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरची बांधतात. खरे लिंबू बाहेर टांगलेले नसते, ते आत दडलेले असते. एकाच्या मौनाचा दंड अशा रीतीने त्याला कधीही न भेटलेली माणसे भरत असतात, आणि त्यांत गरीब अधिक असतात, कारण जुनी वस्तू त्यांनाच घ्यावी लागते.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. आम्ही घेणारे होतो तेव्हाही निर्मळ नव्हतो. भाव पाडण्यासाठी आम्ही नसलेले दोष काढले आणि खिशात अधिक पैसे असताना ‘एवढेच आणलेत’ असे सांगितले. नीतिसूत्रांच्या पुस्तकात अशा गिऱ्हाइकाचे हुबेहूब चित्र आहे: घेताना मालाला नावे ठेवतो आणि घरी गेल्यावर सौद्याची फुशारकी मारतो. संत अगस्तिन यांनी त्रैक्यावरील आपल्या ग्रंथात एका माणसाची हकीकत सांगितली आहे. त्याच्यापुढे एक ग्रंथ विकायला आला. विकणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक नव्हते आणि तो अगदी थोडी किंमत मागत होता. या माणसाने त्याला योग्य ती पुरी किंमत दिली. विकणाऱ्याला तिची अपेक्षाही नव्हती. स्वस्तात घ्यावे आणि महाग विकावे, ही इच्छा सर्वांच्याच मनात असते असे म्हणणाऱ्यांना अगस्तिन यांनी हे उदाहरण दाखवले. तो एक माणूस पुरेसा आहे. सारेच तसे करतात, हे म्हणणे त्याने कायमचे खोटे पाडले आहे.

मग फसलेल्याने मुकाट्याने सोसावे काय? आमचे तसे म्हणणे नाही. क्षमा आणि न्याय यांची आपण उगाच भांडणे लावतो. क्षमा म्हणजे त्या माणसाचे वाईट व्हावे ही इच्छा सोडून देणे. त्याने केले ते बरे केले असे म्हणणे नव्हे. तक्रार केली तर पुढचा गिऱ्हाईक वाचतो आणि दुकानदारालाही सुधारण्याची एक संधी मिळते. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क पडत नाही; तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. आम्ही मिस्त्रींचे लेखी मत जोडून आधी दुकानदारांना नोटीस धाडली. पावतीवरील ओळ त्यांच्या बाजूची होती, तरी त्यांनी चाळीस हजार परत केले आणि आम्ही तडजोड मान्य केली. गाडी मोडीत काढली, आर. टी. ओ.त तिची नोंदणी रद्द करून घेतली; सुट्या भागांसह पंचेचाळीस हजार आले. दुरुस्तीसकट हिशेब केला तर दोन लाख तीस हजार बुडाले. पतसंस्थेचे हप्ते पुढे दोन वर्षे चालू राहिले, आणि वडिलांना नगरला नेण्यासाठी शेजाऱ्यांची गाडी मागावी लागली. प्रामाणिकपणाचा लगेच मोबदला मिळाला, अशी कथा आम्हांला सांगता येत नाही.

जे कुणी अशी गाडी घेणार असतील, त्यांनी पट्टा टोकापर्यंत ओढून पाहावा, पायांखालचा गालिचा उचलून पाहावा, आपला मिस्त्री बरोबर न्यावा, आणि जे विचारायचे ते लेखी विचारावे. विकणाऱ्यांनी आर. टी. ओ.तील नाव बदलल्याखेरीज स्वस्थ बसू नये; नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक आणि अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांनाही अधिकारपत्र घेण्याचे आणि नोंदी ठेवण्याचे नियम लागू झाले आहेत. हे सारे चांगलेच आहे. दात पाहण्याची सोय त्यामुळे वाढली. खोड सांगण्याचे काम मात्र आजही ज्याला ती ठाऊक आहे त्याच्याकडेच आहे.

आणि हे काम केवळ गाडीवाल्याचे नव्हे. आपल्या घरात म्हैस विकली जाते, जमिनीचा तुकडा विकला जातो, विहिरीचे पाणी उन्हाळ्यात किती टिकते हे घेणाऱ्याला सांगायचे असते. कांद्याच्या गोणीत वर मोठा कांदा आणि खाली चिंगळी भरली जाते. मुलामुलींची लग्ने ठरतात, तेव्हा आजार, नोकरी, कर्ज यांविषयी आपण काय सांगतो आणि काय झाकतो? संदेष्टा आमोस याने माप लहान आणि वजन मोठे करणाऱ्यांवर, धान्याबरोबर भुसकट विकणाऱ्यांवर कडक शब्दांत कोरडे ओढले, ते शब्बाथ कधी संपतो याची वाट पाहणाऱ्या देवभक्तांवरच. मिस्सा आणि बाजार यांच्यामधील भिंत त्यांनी बांधली होती. आपणही कधी कधी तीच बांधतो.

जक्कयाच्या घरी प्रभू जेवायला गेला, तेव्हा जक्कयाने केवळ पश्चात्तापाचे अश्रू ढाळले नाहीत. ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत देण्याचे वचन त्याने दिले. आमच्याकडून त्या तरुणाला परत गेले ते त्याचेच दहा हजार; त्यात आमचा त्याग काहीच नव्हता. त्याने पुढे दुसरी गाडी घेतली असे ऐकले. त्यांना मुलगी झाली. त्यांना पुन्हा भेटण्याचे धाडस आम्हांला अजून झालेले नाही, पण एकदा जाऊन यायचे आहे.

आरशाला अडकवलेली ती जपमाळ गाडी मोडीत देण्यापूर्वी सौ.ने काढून आणली. आता ती वडिलांच्या उशाशी असते.